जाफन्यास जावयाचे असेल तर

आपल्या वार्षिकांकात प्रवासवर्णने दरवर्षी येतात. काश्मीरची हिमशिखरे, हंपीचे अवशेष, काशीचे घाट यांची वर्णने वाचून आपण पुष्कळदा आनंदित झालो आहोत. प्रस्तुत लेखात मात्र वर्णन थोडे आणि सूचना अधिक आहेत. २०२३ सालच्या नाताळच्या सुट्टीत आम्ही श्रीलंकेच्या उत्तर टोकावरील जाफना या नगरास जाऊन आलो. त्या देशात १९८३ च्या जुलैपासून २००९ च्या मेपर्यंत यादवी युद्ध चालले होते आणि त्याचे सर्वाधिक घाव ज्या प्रदेशाने सोसले त्यात हे नगर आहे. परत आल्यापासून अनेक पालकांनी व माजी विद्यार्थ्यांनी आम्हांस विचारले, की आम्हांस जावयाचे असेल तर काय करावे? निरनिराळ्या वेळी दिलेली उत्तरे येथे एकत्र मांडीत आहोत.

प्रथम जाण्याच्या मार्गाविषयी. कोलंबोच्या फोर्ट स्थानकावरून जाफन्यास आगगाडी जाते. तिचे नाव 'याळ देवी'. अंतर सुमारे ४०० किलोमीटर आहे व प्रवासात दिवसाचा बराच भाग जातो. युद्धामुळे १९९० साली हा लोहमार्ग तुटला. भारताच्या साहाय्याने तो पुन्हा बांधण्यात आला आणि २०१४ च्या ऑक्टोबरात, तब्बल चोवीस वर्षांनी, गाडी पुन्हा जाफन्यास पोहोचली. चेन्नईहून विमानसेवा आहे आणि नागपट्टिनमहून कांकेसंतुरै बंदरापर्यंत नावेची सेवाही २०२३ मध्ये सुरू झाली. परंतु या सेवा मधूनमधून बंद पडतात व पुन्हा चालू होतात. म्हणून कोणी तोंडी सांगितले एवढ्यावर निघू नये. निघण्यापूर्वी आठवडाभर आधी स्वतः चौकशी करावी. प्रवेशपत्राचे नियमही बदलत असतात, तेव्हा ते त्या देशाच्या सरकारी खात्याकडूनच जाणून घ्यावेत. पारपत्राच्या दोन प्रती निराळ्या ठेवाव्यात. जाफन्यात २०१० पासून भारताचे वाणिज्यदूतावासाचे कार्यालय आहे; त्याचा पत्ता व दूरध्वनी कागदावर लिहून खिशात असू द्यावा, कारण नेमकी गरज पडते तेव्हाच यंत्राची शक्ती संपलेली असते.

ऋतूचा विचार आपल्या पंचांगाने करू नये. आपल्याकडे आषाढ-श्रावणात पाऊस कोसळतो, तेव्हा जाफना कोरडे असते. तेथील खरा पाऊस ईशान्येकडून ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात येतो. जानेवारी ते मार्च हा काळ सर्वांत सुखाचा. नल्लूर येथील कंदस्वामींच्या, म्हणजे आपल्या कार्तिकेयाच्या, देवळात जुलै-ऑगस्टच्या सुमारास पंचवीस दिवसांचा उत्सव भरतो. तो पाहावयाचा असेल तर राहण्याची व्यवस्था फार आधी करावी.

आता दुसरी सूचना, आणि ती आम्ही शिक्षक म्हणून आग्रहाने करतो. जाण्यापूर्वी थोडा इतिहास वाचावा. ताडमाडांचे सौंदर्य अभ्यासावाचूनही दिसते. परंतु भिंतीवरील गोळ्यांच्या खुणा दिसल्यावर मनुष्य नको तो प्रश्न नको त्या माणसास विचारून बसतो. निदान एवढे तरी ठाऊक असावे. १९८१ च्या ३१ मेच्या रात्री जाफन्याचे सार्वजनिक ग्रंथालय जाळण्यात आले. १९८३ च्या जुलैत कोलंबोत व अन्यत्र तमिळांच्या कत्तली झाल्या व युद्ध पेटले. १९८७ ते १९९० या काळात भारताची शांतिसेना तेथे होती. १९९० च्या ऑक्टोबरात तमिळ वाघांच्या संघटनेने उत्तर प्रांतातील मुसलमानांना हाकलून दिले. जाफना नगरातील कुटुंबांना घरदार सोडावयास दोन तास मिळाले. १९९५ मध्ये सरकारी सैन्य नगरावर चालून आले, तेव्हा लक्षावधी माणसे एका रात्रीत पायी बाहेर पडली. ही यादी वाचली, की तेथे सर्व दुःख एका पक्षाचे व सर्व अपराध दुसऱ्या पक्षाचे असे मानण्याचा मोह आवरतो. तेथील प्रत्येक घराच्या स्मृतीत निराळेच साल कोरलेले असते.

आम्हां गोवेकरांस तर आणखी एक धडा पाठ करावा लागतो. जाफन्याचा समुद्रकाठचा किल्ला पाहावयास सर्वजण जातात. त्याची तारकाकृती रचना डचांची. परंतु तो प्रथम बांधला पोर्तुगीजांनी. जाफन्याचे स्वतंत्र राज्य १६१९ साली पोर्तुगीजांनी बुडविले आणि तेथील शेवटचा राजा संकिली यास कैद करून गोव्यास आणले. येथेच त्याला देहदंड देण्यात आला. नल्लूरचे जुने देऊळ त्याच पोर्तुगीजांनी पाडले. आजचे देऊळ अठराव्या शतकातील आहे. कुशस्थळीहून रातोरात हलविलेल्या श्रीमंगेशाची कथा ज्यांनी आजीच्या मांडीवर ऐकली आहे, त्यांना नल्लूरच्या प्राकारात उभे राहिल्यावर वेगळे काही समजावून सांगावे लागत नाही.

पण याच गोव्याने त्या भूमीस आणखीही काही दिले. बाणावलीस १६५१ साली जन्मलेले जोजफ वाझ हे कोंकणी धर्मगुरू १६८७ मध्ये श्रीलंकेत गेले. त्या वेळी तेथे डचांचा अंमल होता आणि कॅथलिक धर्मगुरूंना बंदी होती. त्यांनी मजुराचा वेष घेतला, जाफन्याच्या परिसरात गुप्तपणे हिंडून लोकांची सेवा केली व तमिळ आणि सिंहली या दोन्ही भाषा शिकून घेतल्या. २०१५ च्या जानेवारीत कोलंबोत पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संतपद दिले. आम्ही हिंदू घरात वाढलो, परंतु तेथील एका वृद्ध ख्रिस्ती गृहस्थाने "तुम्ही गोव्याचे? म्हणजे फादर वाझ यांच्या गावचे," असे म्हणून आमचा हात दोन्ही हातांत घेतला, तेव्हा परमुलखात आपल्या गावाचे नाव कोणत्या वाटेने पुढे गेलेले असते याचे आम्हांस नवल वाटले.

भाषेची भीती कोणी बाळगू नये. तमिळ आम्हांस येत नाही. तरीही ती सर्वस्वी परकी वाटली नाही. पोर्तुगीजांनी जाताना दोन्ही किनाऱ्यांवर सारखेच शब्द मागे ठेवले. आम्ही घरी खिडकीस 'जनेल' म्हणतो, ते तेथे 'जन्नल'. आपली चावी तेथे 'सावि', आपले मेज तेथे 'मेसै', कपाट ते 'अलुमारि', आणि आपला पाव तेथे 'पाण' होऊन न्याहारीस येतो. जाफन्याच्या तमिळीत होकारासाठी 'ओम्' म्हणतात. पहिल्या दिवशी रिक्षावाल्याने प्रत्येक प्रश्नास गंभीरपणे 'ओम्' असे उत्तर दिले, तेव्हा हा गृहस्थ जप करीत आहे की काय अशी आम्हांस शंका आली. नमस्कारास 'वणक्कम', आभारास 'नन्री', वडीलधाऱ्या स्त्रीस 'अम्मा' व पुरुषास 'अय्या' एवढे शब्द तोंडी असले की पुष्कळ दारे उघडतात. नाक्यावरचे शिपाई बहुधा सिंहली भाषिक असतात. त्यांना 'आयुबोवन' म्हणावे. दक्षिणेतील खेड्यांतून आलेली ती तरुण मुले आहेत, आणि त्यांनाही त्यांच्या घरच्या नमस्काराने संतोष होतो. परंतु एकाचा शब्द चुकून दुसऱ्यास वापरू नये. तेथे भाषेवरूनच सारे बिनसले होते. १९५६ साली एकट्या सिंहलीस राजभाषा करणारा कायदा झाला. आपल्याच देशात दुकानाच्या पाटीवरून डोकी तापलेली ज्यांनी पाहिली आहेत, त्यांनी हे वाक्य दोनदा वाचावे.

वेषाविषयी थोडेसे. नल्लूरच्या देवळात पुरुषांनी सदरा काढून जावे लागते. सोवळ्याची सवय असलेल्यास त्यात अवघड काही नाही. स्त्रियांनी खांदे व गुडघे झाकलेले असावेत. जाफन्याजवळच्या नैनातीवु बेटावर नागपूषणी अम्मनचे देऊळ आणि नागदीप हा बौद्ध विहार अशी दोन्ही क्षेत्रे आहेत. कुरिकट्टुवन धक्क्यावरून होडी मिळते. विहारात पांढरे किंवा साधे वस्त्र योग्य. बुद्धमूर्तीकडे पाठ करून छायाचित्र काढून घेणे हा त्या देशात अपमान समजला जातो. होडीत प्राणरक्षक जाकीट मागून घ्यावे, लाजू नये.

खाण्यापिण्याची आबाळ होत नाही. लाल तांदळाचा भात, भाजलेल्या मसाल्याचे माशाचे कालवण, नारळ आणि सकाळी इडियाप्पम, म्हणजे आमच्या शेवयांचेच भावंड. ताडाच्या कोंबाचे पीठ व मासळी यांचे 'ओडियल कूळ' नावाचे दाट सार अवश्य चाखावे. ताडाच्या गुळास 'पनंगट्टि' म्हणतात. तो तोंडात धरून वर चहा घेतात. पाणी मात्र जपून प्यावे. त्या द्वीपकल्पात बारमाही नदी नाही. चुनखडीच्या खडकातील विहिरींवर सारे जीवन चालते. पाणी उकळलेलेच घ्यावे. भूमी सपाट असल्यामुळे भाड्याची सायकल हे उत्तम वाहन. युद्धकाळात पेट्रोल येईनासे झाले तेव्हा सारे नगर सायकलीवर चालत असे, आणि जुन्या मोटारी पेट्रोलच्या चार थेंबांनी चालू करून पुढे रॉकेलवर हाकीत. रोख रक्कम जवळ असावी.

आता ज्या सूचना मोडल्या असता जिवावर बेतेल त्या सांगतो. भूसुरुंग काढण्याचे काम तेथे दोन दशकांहून अधिक काळ चालले आहे आणि पुष्कळ भूमी शुद्ध झाली आहे. तरीही उत्तर प्रांतात मळलेली वाट सोडून झुडुपांत, पडक्या घरात किंवा ओसाड शेतात शिरू नये. कवटीचे चिन्ह असलेली तांबडी पाटी दिसली की तेथूनच मागे फिरावे. सुरुंगास तेथे 'मिदिवेडि' म्हणतात. हा शब्द कानी पडताच थांबावे. वाळूत सापडलेली धातूची वस्तू, ती कितीही मौजेची दिसली तरी, उचलू नये. ही सूचना मुलांच्या आयांनी विशेष लक्षात ठेवावी. लष्करी छावणी, नाका, बंदर व गणवेषधारी शिपाई यांची छायाचित्रे घेऊ नयेत. उडते कॅमेरे परवानगीवाचून नेऊ नयेत. रस्त्यात कोणी नाहीशा झालेल्या मुलांची चित्रे हाती घेऊन बसलेल्या माता दिसल्या, तर थांबून नमस्कार करावा. कॅमेरा पिशवीत असू द्यावा. २०१७ पासून त्या माता निरनिराळ्या गावी बसत आल्या आहेत, आणि त्या प्रेक्षणीय स्थळ नव्हेत.

समुद्राविषयी बोलतानाही भान ठेवावे. पाल्कच्या सामुद्रधुनीत भारतीय ट्रॉलर येऊन समुद्राचा तळ खरवडून नेतात, असे जाफन्याच्या मच्छीमारांचे गाऱ्हाणे आहे व त्यांची जाळी फाटतात हे खरे आहे. १९७० च्या दशकात आमच्या रापणकारांनी ट्रॉलरांविरुद्ध हेच गाऱ्हाणे मांडले होते. तेव्हा धक्क्यावर कोणी रागावून बोलला तर राष्ट्राचा कैवार घेऊन वाद घालू नये. ऐकून घ्यावे.

यावरून आम्ही त्या गोष्टीकडे येतो, जी लिहावी की न लिहावी याचा आम्ही पुष्कळ विचार केला. भारतीय प्रवाशाने जाफन्यात आपल्या शांतिसेनेविषयी काय बोलावे? आपल्या सुमारे १२०० जवानांनी त्या भूमीवर प्राण ठेवले. मुंबईत जन्मलेले मेजर रामस्वामी परमेश्वरन हे महार रेजिमेंटचे अधिकारी १९८७ च्या नोव्हेंबरात तेथेच पडले व त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. हे अभिमानाने सांगावे असेच आहे. परंतु त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात, नेमक्या दिवाळीच्या दिवसांत, आपले सैन्य जाफन्यात शिरले तेव्हा तेथील नागरिकही मोठ्या संख्येने मेले; रुग्णालयात डॉक्टर, परिचारिका आणि रुग्ण मारले गेले. आपल्या पाठ्यपुस्तकांत पहिली गोष्ट सापडते. दुसरी जाफन्यातील शेंबडे पोरही जाणते.

आमच्या वाड्यावर एक निवृत्त सुभेदार राहतात. शांतिसेनेत ते साधे जवान म्हणून गेले होते. त्यांची तुकडी जाफन्यात नव्हती. आम्ही जाणार हे कळताच त्यांनी एकच काम सांगितले: "कोलंबोजवळ आमच्या पोरांचे स्मारक आहे, तेथे एक फूल ठेवा." बट्टरमुल्ला येथील त्या स्मारकावर नावे वाचीत आम्ही बराच वेळ उभे होतो. फूल ठेवले आणि उत्तरेस निघालो.

जाफन्यात आम्ही ज्यांच्या घरी भाड्याने उतरलो त्या एक सेवानिवृत्त शिक्षिका होत्या. सारी आळी त्यांना 'टीचर' म्हणे. आम्हीही तसेच म्हणू लागलो. व्यवसाय एकच असल्याने गणिताचे तास, मुलांचे अक्षर, वरिष्ठांची पत्रके अशा गोष्टींत आमची संध्याकाळ जाई. त्यांचे इंग्रजी आमच्याहून चांगले. तिसऱ्या दिवशी त्यांनी सहज विचारले, की कोलंबोत काय काय पाहिले? खोटे बोलावे असे मनात येऊन गेले नाही असे नाही. परंतु आम्ही स्मारकाचे सांगितले व सुभेदारांचेही सांगितले. टीचर काही बोलल्या नाहीत. वाती सारख्या केल्या, दिवा लावला आणि नेहमीप्रमाणे चहा आणून ठेवला. पेल्याशेजारी गुळाचा खडाही नेहमीप्रमाणेच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी विहिरीवर पाणी काढताना त्यांनी विचारले, "तुमचे ते सुभेदार तेव्हा किती वर्षांचे होते?"

"बावीस," आम्ही म्हणालो.

"माझी धाकटी बहीण चोवीस वर्षांची होती. त्या ऑक्टोबरात ती बाहेर गेली, ती परत आली नाही."

कोणाच्या गोळीने, हे त्यांनी सांगितले नाही. आम्ही विचारले नाही. विचारू नये, हीच या लेखातील सर्वांत महत्त्वाची सूचना आहे. तेथील माणसास बोलावयाचे असेल तर तो आपल्या वेळी बोलेल. आपल्याकडे त्या वेळी देण्यासारखे एकच असते, ते म्हणजे मौन. आणि रहाटाची दोरी दुसऱ्या बाजूने ओढू लागणे.

घरी परतल्यावर आम्ही सुभेदारांकडे गेलो. फुलाचे सांगितले. बहिणीचे सांगावे की नाही याचा विचार आठ दिवस चालला होता. शेवटी तेही सांगितले. ते उठून अंगणात गेले, थोड्या वेळाने परत आले आणि म्हणाले, "टीचरांना माझा नमस्कार कळवा." तो नमस्कार आम्ही पत्राने कळविला. टीचरांच्या उत्तरात पावसाची हकीकत होती, आंब्याच्या मोहराची होती, आणि शेवटी 'सुभेदार यांस सांगणे, नमस्कार पोहोचला' एवढीच एक ओळ होती.

ज्यांना जाफन्यात एकच स्थळ पाहण्याइतका वेळ असेल त्यांनी ग्रंथालय पाहावे. १९३० च्या दशकात लोकांच्या पुढाकाराने ते उभे राहिले. नव्या वास्तूच्या उभारणीत आपल्या देशातील ग्रंथालयशास्त्राचे आचार्य एस. आर. रंगनाथन यांचा सल्ला घेतला होता. १९८१ मध्ये पोलिसांचे लोक व जमाव यांनी ते पेटविले, तेव्हा सुमारे ९७,००० ग्रंथ जळाले. त्यांत पुन्हा कोठेही न मिळणारी ताडपत्रे होती. आज तेथे शुभ्र घुमटाची वास्तू पूर्ववत उभी आहे. २००३ पासून वाचक पुन्हा येऊ लागले. समोर सरस्वतीची मूर्ती आहे. पाहुण्यांना आत सोडण्याची वेळ ठराविक असते, ती विचारून जावे; पादत्राणे काढावीत; वाचकांची छायाचित्रे घेऊ नयेत. आम्ही गेलो तेव्हा परीक्षेचा अभ्यास करणारी मुले बाकांवर दाटीने बसली होती. एकीने मान वर करून आमच्याकडे पाहिले व पुन्हा वहीत घातली. आमच्या वर्गातही कोणी पाहुणे आले तर विद्यार्थ्यांनी असेच वागावे अशी आमची फार दिवसांची इच्छा आहे.

शेवटची सूचना निरोपाविषयी. निघताना 'जातो' म्हणू नये. आपण मराठीत 'येतो' म्हणतो, कोंकणीत 'येतां' म्हणतो. तमिळ माणूसही 'पोयिट्टु वारेन', म्हणजे 'जाऊन येतो', असेच म्हणतो. ज्या नगरातून गेलेली किती तरी माणसे परत आली नाहीत, तेथे हा शब्द फार जपून वापरतात. आम्ही तो टीचरांकडून नीट शिकून घेतला. उच्चार दोनदा सुधारून घेतला, आणि फाटकाशी उभे राहून म्हटला.